ज्याचा फोटो, त्याचा शब्द

लग्नाच्या अल्बममधले चेहरे साफ करणं हे माझं अकरा वर्षांचं काम. पार्क चौकाजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसायचे. पुढे मालक आणि त्यांचा भाऊ फोटो काढायचे, मागे मी ते निस्तरायचे. नवरीच्या गालावरची पुटकुळी, नवरदेवाच्या कपाळावरची खोक, सासूबाईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं. गिऱ्हाइकाने सांगायची गरजच नसे. हळदीच्या फोटोत एखाद्या मावशीचा पुढचा दात नसला तर मी तोही बसवून द्यायचे. काम मला आवडायचं. ‘हात साफ आहे हिचा,’ असं मालक चारचौघांत म्हणायचे.

मी बत्तीस वर्षांची असताना आमच्या घरी गॅस गळला. सकाळचे सहा वाजले असतील. खिडकी बंद होती आणि मला सर्दी झालेली, त्यामुळे वास आला नाही. डब्याच्या चपात्या करायच्या म्हणून लायटर दाबला. मोठा आवाज झाला असं शेजारी सांगतात. मला आवाज आठवत नाही, निळा उजेड आठवतो. नवऱ्याने सतरंजी टाकून मला लोळवलं. मुलगी आतल्या खोलीत झोपली होती, तिला काही झालं नाही. माझ्या चेहऱ्याची डावी बाजू, मान, छाती आणि दोन्ही हात भाजले.

दवाखान्यात दोन महिने काढले. मांडीची कातडी काढून मानेला लावली. घरी आल्यावर लोक म्हणायचे, चला, सुटलीस. पण ही नवी कातडी आकसत जाते. मान खाली ओढली जाते, बोटं आत वळतात. म्हणून रोज ताणायची, रडत रडत ताणायची. वरून वळ दाबून ठेवणारे घट्ट कपडे, आंघोळीची वेळ सोडली तर दिवसरात्र अंगावर. त्या कातडीला घाम येत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता आतच राहते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये मी ओला पंचा डोक्यावर घेऊन मोरीच्या उंबऱ्यावर बसून असायचे.

मालकांनी माझी जागा ठेवली होती. वर्षभराने मी कामावर गेले. तिसऱ्या दिवशी एका नवरीचा फोटो उघडला, गाल मोठा करून घेतला आणि हात थांबला. हात दुखत नव्हता. नुसता थांबला. मी मालकांना सांगून घरी आले आणि परत गेले नाही. पुढची चार वर्षं माझा एकही फोटो निघाला नाही. मुलीच्या वाढदिवसाला मीच मोबाइल हातात धरायचे. फोटो काढणाऱ्याला फोटोत यावं लागत नाही.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडम रविवारी सकाळी भाजलेल्या लोकांना एकत्र बोलवायच्या. आम्ही सात-आठजण असायचो. एकमेकांसमोर हात ताणायचे, तोंड उघडायचं, मान फिरवायची आणि घरी जायचं. फारसं कुणी बोलायचं नाही. एका रविवारी मॅडमनी सहज मोबाइल काढला आणि म्हणाल्या, “चला, सगळ्यांचा एक फोटो घेऊ.”

एका क्षणात सगळ्यांच्या माना फिरल्या. कुणी पदर ओढला, कुणी हात पाठीमागे नेला. मैंदर्गीचे एक मामा होते, ते उठून दारात जाऊन उभे राहिले. पन्नाशीचे. विजेच्या खांबांवर चढून तारा जोडायचं काम करायचे. बंद म्हणून सांगितलेल्या तारेत वीज आली आणि त्यांचा उजवा हात खांद्याजवळून काढावा लागला.

“आमास्नी इचारलं का?” मामा दारातूनच म्हणाले. “दवाखान्यात येईल त्यो फोटू काढतोय. डाक्टर काढतोय, शिकणारी पोरं काढत्यात, पेपरवाला काढतोय. मी उगडा हाय का कसा हाय, कोन बगत न्हाय.”

मॅडम चांगल्या बाई. त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. मग विचारलं, “मामा, कसा काढला तर चालेल?”

मामांनी थोडा विचार केला. “ज्येचा फोटू, त्येचा शब्द. तो म्हनल तितं, तो म्हनल तसा. आन् न्हाय म्हनला तर न्हाय.”

मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं. मी काय काम करायचे हे त्यांना ठाऊक होतं. जाताना त्यांनी मला थांबवलं. “या सगळ्यांना कॅमेरा शिकवशील?” मी आधी नाही म्हणाले. मग पुढच्या रविवारी हो म्हणाले, एका अटीवर: माझा फोटो कुणी काढायचा नाही. “ज्याचा फोटो, त्याचा शब्द,” मॅडम म्हणाल्या आणि विषय संपला.

मालकांनी एक जुना कॅमेरा दिला. आम्ही जोड्या केल्या. एकाने काढायचा आणि ज्याचा काढायचा त्याने सांगायचं: कुठं उभा राहू, काय दिसू दे, काय नको. काढून झाला की दोघांनी मिळून बघायचा. नको म्हणाला तर त्याच्या डोळ्यांसमोर पुसून टाकायचा. पहिले काही आठवडे कुणाचा चेहरा आलाच नाही. चपला आल्या, डबे आले, भिंतीवरच्या सावल्या आल्या. मी घाई केली नाही. मला तरी कुठं चेहरे हवे होते.

त्या घोळक्यात एक अक्का होत्या. घरी तेलुगू बोलणाऱ्या, जुन्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत राहणाऱ्या, वय पंचावन्नच्या पुढचं. त्या भाजल्या त्याला सव्वीस वर्षं होऊन गेली होती. तेव्हा त्यांना कुणी व्यायाम शिकवला नव्हता, त्यामुळे हनुवटी छातीला चिकटून गेली होती. आभाळ बघायचं तर त्यांना कंबरेतून मागे वाकावं लागायचं. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या ऑपरेशनने मान सुटली, म्हणून त्या आमच्यात आल्या. उजव्या हाताची बोटं एकमेकांना जुळलेली होती. एके काळी दिवसाला हजार विड्या वळणारा हात. कॅमेऱ्याचं बटण त्या अंगठ्याच्या पेराने दाबायच्या.

अक्कांनी काढलेला पहिला चांगला फोटो मामांच्या डाव्या हाताचा. मामा गुडघ्यावर ताट ठेवून एका हाताने कडक भाकरी मोडत होते. मामा कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात बराच वेळ बघत राहिले.

“ह्यो माजाच हाय?”

“तुमचाच की. दुसऱ्या कुणाची भाकरी खाताय का?” अक्का म्हणाल्या.

त्या दिवशी खोलीत पहिल्यांदा सगळे हसले.

काही महिन्यांनी अक्का मला म्हणाल्या, “पोरी, माझा एक फोटो काढ. सगळा चेहरा येऊ दे. पण इथं नको, घरी ये.”

मी गेले. एकच खोली आणि पुढे पडवी. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात कामाला गेलेला, सून नळावर. भिंतीला अक्कांच्या नवऱ्याचा फोटो होता, हार घातलेला. जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. अक्का बरोबर त्याच्याखाली जाऊन बसल्या. मी कॅमेरा जरा खाली घेतला, म्हणजे मागचा फोटो कडेला जाईल.

“तो येतोय का?” अक्कांनी विचारलं.

“नाही अक्का. फक्त तुम्ही.”

“येऊ दे. त्यालापण येऊ दे.”

मला वाटलं, नवऱ्याची आठवण. मी दोघांनाही घेतलं. अक्का सरळ माझ्याकडे बघत होत्या. नवी सुटलेली मान त्यांनी ताठ धरली होती, कष्टाने.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. फोटो चांगला आला होता. हनुवटीखाली दोरखंडासारखे वळ, खालचा ओठ ओढलेला, एका कानाची पाळीच नाही. मी जरासा उजेड वाढवला. मग एक वळ हलका केला. मग दुसरा. हात चालू लागला. चार वर्षांनी चालू लागला आणि मला इतकं बरं वाटलं की मी थांबलेच नाही. कातडी सारखी केली, ओठ वर घेतला, दुसऱ्या बाजूची पाळी उलटी करून या कानाला लावली. तासाभरात अक्का न भाजलेल्या झाल्या. रविवारी द्यायला म्हणून मी तो मोठा छापून घेतला. त्यांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. भेटीची वस्तू कुणी विचारून देतं का?

रविवारी सगळ्यांसमोर मी तो त्यांच्या हातात दिला. अक्कांनी खिडकीजवळ नेऊन पाहिला.

“कोन गं ही?”

“तुम्हीच की अक्का.”

“मी नाही.” त्यांनी फोटो लांब धरला. “माझ्या धाकट्या बहिणीसारखी दिसलालीय. ती पण अशी नाही.”

मी काहीतरी बोलले. थोडं साफ केलंय, सगळ्यांचंच करतात, असं काहीतरी. अक्कांनी जुळलेली बोटं फोटोवर ठेवली, वर जिथं हार घातलेला नवरा होता तिथं.

“याला ठेवलीस,” त्या म्हणाल्या, “आणि यानं केलेलं पुसलीस.”

मला लगेच कळलं आणि कळूनही मी मूर्खासारखं विचारलं, “म्हणजे?”

अक्का खुर्चीत बसल्या. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. जेवायला काय केलं होतं हे सांगावं तशा सांगत गेल्या. “स्टो भडकला नव्हता. स्टोमधलं रॉकेल त्यानं काढून घेतलं, माझ्यावर टाकायला. दवाखान्यात जबाब लिहून घ्यायला साहेब आले, तेव्हा सासू उशाशी उभी. माझा मुलगा चार वर्षांचा, तिच्या कडेवर. मी म्हणाले, स्टो भडकला. हाताचा अंगठा लावण्यासारखा राहिला नव्हता, म्हणून पायाचा लावून घेतला. घरी आले, त्याच्याच घरी. तो मरेपर्यंत त्याला जेवायला वाढले. कुणाला सांगितलं नाही. मुलाला अजून माहीत नाही. हे जे आहे ना,” त्यांनी गळ्यावरून हात फिरवला, “एवढंच खरं राहिलं होतं. ते पण पुसलीस की गं.”

मामांनी उठून माठातलं पाणी आणून त्यांच्यासमोर धरलं. त्या प्यायल्या. मॅडमनी हळूच विचारलं, आता काही करायचं आहे का, तक्रार वगैरे. “कुणावर करू? तो मेला, सासू मेली,” अक्का म्हणाल्या. “मला फक्त माझा फोटो पाहिजे.”

त्या आठवड्यात मी दोन दिवस नीट जेवले नाही. नवऱ्याने विचारलं, मी सांगितलं नाही. मग मूळ फोटो उघडला. उजेडसुद्धा वाढवला नाही, होता तसा छापला. पुढच्या रविवारी अक्का येतील की नाही याची धास्ती होती, पण त्या आल्या. मी पाकीट दिलं आणि म्हणाले, “चुकले अक्का. विचारायला पाहिजे होतं.”

त्यांनी फोटो पुन्हा खिडकीजवळ नेला. यावेळी फार वेळ बघितला. “हे कानामागचं मला म्हाईतच नव्हतं,” म्हणाल्या. मान चिकटलेली असताना आरशात दिसायचं नाही आणि मान सुटल्यावर कुणी दाखवलं नव्हतं. मग फोटो जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत ठेवला.

“माझा चेहरा बघून घाबरलीस की नाही?” त्यांनी मला विचारलं.

“नाही अक्का.”

“घाबरलीस. मला राग नाही. मीपण कधी कधी तुला बघून घाबरते.”

मला हसू आलं. त्याही हसल्या. तेव्हापासून आम्ही शेजारी बसतो.

यानंतर मामांनी आम्हाला मैंदर्गीला बोलावलं. त्यांना त्या खांबाजवळ फोटो काढायचा होता. मॅडम, अक्का आणि मी एसटीने अक्कलकोटला गेलो आणि तिथून जीपने. मामांच्या बायकोने चहा दिला. त्या घरी कानडी बोलतात, अक्का तेलुगू. दोघी मोडक्या मराठीत एकमेकींच्या सुनांबद्दल बोलल्या आणि त्यांचं उत्तम जमलं.

खांब गावाबाहेर ज्वारीच्या रानाकडेला होता. दिसायला साधा, सगळीकडे असतो तसा. मामा तीसेक पावलांवर थांबले आणि पुढे जाईनात. चेहरा घामाने भिजला होता. कॅमेरा अक्कांकडे होता.

“हितूनच काढा,” मामा म्हणाले.

अक्कांनी काढला, पडदा दाखवला. खांब मागे काडीएवढा दिसत होता.

“लई ल्हान दिसतोय.”

मी म्हणाले, “मामा, लेन्स बदलून मी खांब जवळ आणू शकते. तुम्हाला हलायला नको.”

“न्हाय. तसला नको.” ते दहा पावलं चालले. अक्कांनी काढला. मामांनी बघून मान हलवली आणि आणखी दहा पावलं गेले. तिथं ते खांबाकडे पाठ करून उभे राहिले. त्यांची बायको इतका वेळ बांधावर उभी होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बा इल्ली.” ती गेली आणि त्यांच्या उजव्या बाजूला, हात नव्हता त्या बाजूला, चिकटून उभी राहिली. अक्कांनी पेराने बटण दाबलं. मामांनी तो फोटो बघितला आणि म्हणाले, “व्हय. ह्यो.” त्याच्यापुढे ते गेले नाहीत. खांबाला हात लावायला त्यांना कुणी सांगितलंही नाही.

मी तिथं अचानक म्हणाले, “अक्का, माझा काढता?”

मी असं ठरवून गेले नव्हते. अक्कांनी आश्चर्य दाखवलं नाही. “कुठं उभी राहतीस?” त्यांनी विचारलं, नियमाप्रमाणे. मी ज्वारीच्या बाजूला उभी राहिले. अकरा वर्षं नवरीमुलींच्या चांगल्या बाजू पाहिलेल्या मला माझी चांगली बाजू बरोबर माहीत होती, उजवी. तो फोटो आला. दिसायला छान, आणि भाजलं काहीच दिसत नव्हतं. “ठेवू?” अक्कांनी विचारलं. मी नाही म्हणाले आणि समोर तोंड केलं. वाऱ्याने ओढणी मागे गेली, मी ती धरायला हात वर केला आणि तेवढ्यात बटण दाबलं गेलं. त्या फोटोत मी ऊन लागून तोंड वाकडं केलंय, डोळे जवळजवळ मिटलेत, डावा गाल, मान, हात सगळं उन्हात आहे. पण ‘पुसा’ असं तोंडातून निघालं नाही.

घरी मुलीला दाखवला. ती दहा वर्षांची होती. मी तिच्याकडे बघत होते.

“आई, डोळे मिटलेत की,” ती म्हणाली. “दुसरा नाही काढला?”

एवढंच. मग तिने तो तिच्या बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा शोधला, बघितला आणि मागच्या ज्वारीची कणसं भरली होती का ते विचारलं. नंतर मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

वर्षाच्या शेवटी मॅडमनी परवानगी काढून आमचे फोटो दवाखान्याच्या एका बोळात लावले, भाजलेल्यांच्या वॉर्डात जायच्या वाटेवर. उद्घाटन वगैरे नव्हतं. प्रत्येकाला आधी विचारलं. दोघांनी नाही सांगितलं, त्यांचे लावले नाहीत. बरेच लोक न बघता जायचे. काहीजण बघून तोंड फिरवायचे. एकदा मी पाण्याची बाटली घेऊन जाताना एक बाई अक्कांच्या फोटोसमोर उभी दिसली. तिची लेक आत होती, तिसरा दिवस. तिने माझ्या मानेकडे पाहून विचारलं, “ताई, ही फोटोतली बाई अजून हाय का?”

“आहे की. रविवारी येते. सुनेच्या हातचं आवडत नाही म्हणून अजून स्वतः स्वयंपाक करते.”

ती खाली बसली आणि रडली. मी तिच्याजवळ बसले.

अक्कांनी मुलाला सांगितलं. कसं सांगितलं ते मला माहीत नाही. तो दोन महिने आईशी बोलला नाही, आणि त्या दोन महिन्यांत अक्का दोन रविवार आल्याही नाहीत. तेव्हा मला वाटलं, आपण हे सगळं उकरायला नको होतं. अजूनही कधी कधी वाटतं. संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला गेले तेव्हा भिंतीला नवऱ्याच्या फोटोच्या जागी नुसता खिळा होता. “मुलानं काढला,” अक्का म्हणाल्या. “मी सांगितलं नव्हतं.” त्यांनी स्वतःचा फोटो काही तिथं लावला नाही. तो अजून साडीच्या तुकड्यात कपाटात आहे. मनात येईल तेव्हा काढून बघतात.

मी पुन्हा स्टुडिओत जाते, अर्धा दिवस, आणि आता पुढच्या खोलीत बसते. ओळखपत्राचे फोटो काढते. काही लोक माझ्याकडे बघून दचकतात, मग फोटोसाठी नीट बसतात. अल्बमचं कामही येतं. पुटकुळ्या अजून पुसते, पण आधी फोन करून विचारते. बहुतेकजण म्हणतात, पुसा. मग पुसते.

रविवारचं चालू आहे. गेल्या पावसाळ्यापासून जेऊरहून एक बाई रेल्वेने येते. तीस-बत्तीसची असेल. काय झालं ते तिने सांगितलेलं नाही आणि आम्ही विचारलेलं नाही. तिला स्वतःचा फोटो नको असतो. तिला कॅमेरा मात्र हातात हवा असतो. गेल्या आठवड्यात ती तो घेऊन व्हरांड्यात गेली आणि अक्का तिच्या मागोमाग. थोड्या वेळाने बाहेरून अक्कांचा आवाज आला, “अगं, थांब की, मला आधी केस नीट करू दे.”